दारातून मोजलेली शाळा

खालच्या रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला, एवढंच झालं होतं. पण हे मला नंतर कळलं, जिन्याच्या मधल्या वळणावर उभी राहून धापा टाकत असताना. त्याआधी मी तिसऱ्या मजल्यावर, एका क्लासच्या हॉलमध्ये दोनशे पालकांबरोबर बसले होते. शेजारी माझी मुलगी सिद्धी, आणि समोर क्लासचे सर माईकवरून सांगत होते की डॉक्टर व्हायचं असेल तर दोन वर्षं मोबाईल, लग्नकार्य आणि मामाचं गाव विसरायचं. लातुरात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये कुणीतरी हे सांगत असतं आणि आपण माना डोलवत असतो. तेवढ्यात खुर्चीच्या पायांतून एक बारीक थरथर वर आली, मांड्यांपर्यंत. आणि मग मी एकदम जिन्यात होते. मधलं काही आठवत नाही. सिद्धीच्या पायावर पाय देऊन गेले असं ती नंतर म्हणाली. पर्स वरच राहिली होती. पायात चप्पल एकच. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची, सरकारी नोकरीतली, चारचौघांत 'मॅडम' म्हणवून घेणारी बाई, आणि ही अवस्था! शरम वाटली, खरंच सांगते. पण शरमेच्याही आधी नवल वाटलं, कारण माझ्या आधी त्या वळणावर दुसरी एक बाई पोचलेली होती.

दोनशे माणसांत आम्ही दोघीच. ती भिंतीपासून हातभर लांब उभी होती. भिंतीला टेकायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं. बुरख्याचा घोळ एका मुठीत गोळा केलेला, कपाळावर घाम. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि आधी तिला हसू फुटलं, मग मला. हसता हसता ती म्हणाली, "मिक्सर हाय वो. शिमिटाचा." मी म्हटलं, "हाव." ऑफिसात मी कधी 'हाव' म्हणत नाही. "कोणतं गाव?" तिनं विचारलं. मी मंगरूळ सांगितलं, तिनं सास्तूर. त्यापुढं आम्हा भूकंपातल्या गावांच्या माणसांत कुणी कुणाला काही विचारत नाही. घरातले कितीजण गेले, हे तर कधीच नाही. वरून कुणीतरी डोकावून 'काय झालं, चक्कर आली का?' म्हणून विचारलं. दोघींनीही एकदमच 'हो' म्हणून सांगितलं.

मग ती माझ्या तोंडाकडे नीट बघायला लागली. "म्याडम, तुमी करडवाडीच्या शाळंवर आलता की. आखाडात." मी आले होते. माझं कामच ते. मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी आहे. म्हणजे जीपमधून शाळा हिंडायच्या, मुलं मोजायची आणि कुठल्या शाळेला सरकारचं अनुदान चालू ठेवायचं, कुठल्या शाळेला टाळं लावून मुलं शेजारच्या गावी पाठवायची याचा अहवाल लिहायचा. तिचं नाव हुस्ना. सास्तूरची लेक, करडवाडीची सून, आणि त्या शाळेत खिचडी शिजवते. तिची सदफ दुसऱ्या मजल्यावर क्लासची परीक्षा देत होती. पहिल्या पाचात आली तर फी माफ. "सदफ त्याच शाळंची. चौथीपस्तोर," ती म्हणाली. आणि मग माझ्या एकाच चपलेकडे बघत म्हणाली, "येक इचारू का ताई? राग नका धरू. त्या दिशी आतल्या खोलीत का न्हाई गेलाव? बारा लेकरं व्हती आत. तुमी भायरची नऊच मोजून गेलाव."

मी परत वर जाऊन बसले. सर आता निकालाच्या पाट्या दाखवत होते, पोरांचे फोटो आणि मार्क. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. करडवाडी आठवत होती. मुरूडपासून सात किलोमीटर, शेवटचे दोन काळ्या मातीतून. वीसच्या आत पट असलेल्या शाळांची यादी करायचा हुकूम होता. तीन आठवड्यांत, वीसच्या आसपास पट असलेल्या चौदा शाळा मी बघितल्या, आणि करडवाडीपुढं लिहिलं: हजेरीपटावर एकवीस, प्रत्यक्षात नऊ. तफावतीखाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या. त्या मारताना मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी भाबडी नाही. शेजारच्या वाडीची पोरं गणवेश घालून बसवणारे हेडमास्तर मी पकडलेत. लग्न होऊन गेलेल्या पोरीची हजेरी लावणारे पकडलेत. म्हणून करडवाडीच्या पंचाक्षरी गुरुजींचं पत्र आलं, की मॅडम, पट एकवीस आणि त्या दिवशी उपस्थितीही एकवीसच होती, तेव्हा मी त्यावर 'खुलासा अमान्य' असं लिहून ते फायलीत टाकलं. यादीत नाव आलेला प्रत्येक गुरुजी असंच पत्र लिहितो. अंतिम यादी उद्या, सोमवारी संध्याकाळी जिल्हा परिषदेत जायची होती. तिच्यावर माझी सही झाली की दिवाळीनंतर करडवाडीची शाळा बंद, आणि सहा-सात वर्षांची लेकरं मुरूडला. जीप देऊ म्हणतात. पावसाळ्यात तिथं जीप कशी जाते हे मी बघितलंय, आमचीच रुतली होती.

पण बारा? बारा पोरं एका भिंतीपलीकडं बसलेली आणि मला चाहूलसुद्धा नाही? हे काही केल्या डोक्यात बसेना. पहिली-दुसरीची लेकरं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. एकाची पेन्सिल दुसऱ्यानं घेतली की गावाला कळतं. खोकला, नाक ओढणं, पाटी पडणं, काहीतरी ऐकू आलंच असतं. मी दारात चांगली दहा मिनिटं उभी होते. तेव्हा बाई खोटं बोलतेय, असं माझं सरकारी डोकं म्हणालं. शाळा गेली की हिचं मानधन जाणार. नऊ पोरांवर एकवीस पोरांचा तांदूळ उचलत असेल. पण हुस्नानं जिन्यात जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. ती म्हणाली, "एकवीस ताटं रोज धुते मी. आतल्यांची ताटं दारातूनच आत सरकवते, पोरं घेतेत. मी बी जात न्हाई आत." आणि वर मान करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. तिनं मला त्या दिवशीच ओळखलं होतं, एवढंच त्यात होतं. मी दारात कशी उभी आहे, एक पाय बाहेर ठेवून, हे फक्त तिलाच कळण्यासारखं होतं. मला इतका राग आला तिचा, की काय सांगू. तीस वर्षं मी हे लपवलेलं होतं.

लपवलेलं म्हणजे तरी काय? मला खोलीच्या आतल्या खोलीत जाता येत नाही. बस्स. एका खोलीत जाता येतं, दार दिसत असेल आणि वाटेत कुणी बसलेलं नसेल तर. सिनेमाला मी कडेच्या खुर्चीवर बसते. ऑफिसात माझं टेबल दाराजवळ आहे, वारा लागतो म्हणून, असं सांगते. घर तळमजल्यावर घेतलं. माझ्या नवऱ्याचं, संगमेश्वरचं, भुसार लाईनला दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या गोदामात मी लग्नाला अठरा वर्षं होऊन एकदाही गेलेली नाही. त्याला वाटतं मला मिरच्यांचा ठसका लागतो. आणि शाळातपासणीचं म्हणाल तर माझी एक पद्धतच बसून गेली होती. मुलांना बाहेर बोलवायचं, 'चला रे, झाडाखाली बसू' म्हणायचं. पाढे तिथंच, वाचन तिथंच, मोजणी तिथंच. गुरुजी लोक खूश. बाई वर्गात शिरून पोरांना धाक दाखवत नाहीत, मोकळ्या हवेत गप्पा मारतात, अशी माझी ख्याती झाली. एका वर्तमानपत्रात फोटोही आला होता, 'झाडाखालची तपासणी'. तो मी कापून ठेवला. करडवाडीत त्या दिवशी अंगणात घोट्यापर्यंत चिखल होता, म्हणून मुलांना बाहेर काढता आलं नाही, म्हणून मी चौकटीत उभी राहून मोजलं. तिसरीचे चार, चौथीचे पाच. गुरुजी दोन-तीनदा "आत या की म्याडम" म्हणाले. मला वाटलं चहासाठी म्हणताहेत. घाई आहे म्हणून मी सांगितलं.

सर आता विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजला गेलेल्या पोरांची यादी वाचत होते. सिद्धीनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आई, तू कुठंयस?" मी म्हटलं, इथंच आहे. इथं कुठली! मी पत्र्याच्या शेडमध्ये होते. भूकंपानंतरची आमची शाळा. मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शाळा ती. दारं नाहीत, भिंती नाहीत, चार बाजूंनी हिरवं कापड. जगभरातून सामान यायचं. कंपासपेट्या, दूध पावडर, कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांचे लोकरी कोट. लातूरच्या ऑक्टोबरात लोकरी कोट! आम्ही ते अंथरून बसायचो. मला तेव्हापासून एक नाद लागला, की हे सगळं येतं कुठून? कोण ठरवतं, की मंगरूळच्या नववीतल्या पोरीला एक कंपासपेटी? कुणीतरी कुठंतरी आमची मोजणी केली असणार. कागदावर एक आकडा पडला असणार आणि त्या आकड्याला हात फुटून ती पेटी इथं आली असणार. कुठल्या टेबलावर हे चालतं ते बघायचंच, असं मनाशी धरलं. म्हणून नांदेडला डी.एड. केलं, मुखेडकडं सहा वर्षं शिकवलं, खात्याच्या परीक्षा दिल्या आणि त्या टेबलापर्यंत पोचले. तिथं बसल्यावर कळलं की गोष्ट साधी आहे. पट किती, त्यावर शाळेचं अनुदान. त्यातच खडू, झाडू, विजेचं बिल, गळक्या टाकीची दुरुस्ती. पटावर शिक्षक, पटावर तांदूळ, पटावर पुस्तकं. लहान शाळेला सगळंच लहान, आणि फारच लहान झाली की नाहीच. वरचे लोक म्हणतात, नऊ पोरांसाठी इमारत, गुरुजी आणि स्वयंपाकीण परवडत नाही. मी स्वतः हे वाक्य बैठकांत बोललेय. ते खोटंही नाही. फक्त त्यातला 'नऊ' कुणीतरी नीट मोजलेला असला पाहिजे, एवढीच अट.

आणि मोजणी म्हटली की मला तो दिवस आठवतो. नको म्हटलं तरी आठवतो. आमच्या घराचं माळवद, मातीचं जाड छत, खाली आलं होतं आणि दिवस वर आल्यावर जवान आले. त्यांची एक पद्धत होती. शिट्टी वाजवायचे आणि सगळ्यांना गप्प करायचे. रडायचं नाही, बोलायचं नाही, कुत्रं असलं तर हाकलायचं. आणि ढिगाला कान लावायचे. जिथून आवाज आला तिथं खणायचं. बरोबरच आहे त्यांचं, माणसं किती आणि ढीग किती. शेजारच्या ढिगातून कण्हणं ऐकू आलं, तिथं ते गेले. आमच्या ढिगातून काही आलं नाही. माझा भाऊ विरूपाक्ष तिथं होता, तिसरीतला, आठ वर्षांचा. तिसऱ्या दिवशी तो तुळईखालच्या पोकळीत सापडला. गुडघ्यावर एक खरचटल्याची खूण, बाकी काही नाही. म्हणजे पहिल्या दिवशी तो असणार. ऐकू येण्याइतका असणार. माझी आई, दानम्मा, त्यानंतर बावीस वर्षं जगली आणि एकच प्रश्न विचारत राहिली, "त्यानं आवाज का दिला नसल गं?" स्वयंपाक करता करता विचारायची. टीव्हीवर मालिका चालू असताना विचारायची. मी सुरुवातीला उत्तरं द्यायची, बेशुद्ध असेल, झोपेतच असेल. मग चिडायला लागले. शेवटी शेवटी नुसती उठून दारात जाऊन उभी राहायची.

कार्यक्रम संपला. सिद्धीला रस्त्याच्या कोपऱ्यावर उसाचा रस पाजला, मीही घेतला. हुस्ना आणि सदफ पलीकडच्या बाजूला बसची वाट बघत होत्या. पोरगी आईपेक्षा उंच, पाठीला दप्तर, हातात वही उघडी धरून उभ्या उभ्या काहीतरी वाचत होती. ही पहिली-दुसरीला त्या आतल्या खोलीत बसली असणार, असं माझ्या मनात आलं आणि मला त्या खोलीविषयी फार उत्सुकता वाटायला लागली. खिडकी असेल का? फळा कोणत्या भिंतीला? मी बघितलेल्या चौदा शाळा मी आठवून बघितल्या. सगळ्या शाळांचे व्हरांडे आठवले. झाडं आठवली, कुठं लिंब, कुठं बाभूळ. हात धुवायच्या नळांच्या जागा आठवल्या. चौदातला एकही वर्ग आतून आठवेना. आतल्या खोल्या आणखी किती शाळांना होत्या? मला खरंच माहीत नव्हतं. रस संपून ग्लासात नुसता बर्फ राहिला तरी मी नळी ओढत बसले होते, आणि सिद्धी म्हणाली, "आई, लोक बघायलेत."

सोमवारी सकाळी आमच्या मोठ्या साहेबांना, शिक्षणाधिकाऱ्यांना, फोन केला. माणूस तसा बरा आहे, फक्त त्यांना कुठलीही गोष्ट दोन ओळींत लागते. मी म्हटलं, करडवाडीच्या आकड्याची मला शंका आहे, पुन्हा जाऊन बघते. ते म्हणाले, "अहो जा ना. आज एकवीस दिसली तर 'नजरचुकीने' असं लिहा आणि दुरुस्त करून टाका, विषय संपला. पण संध्याकाळी पाचला यादी माझ्या टेबलावर पाहिजे. आणि जे आज दिसेल ते. मागचं काही नको, मागचं लिहिलं की चौकशी लागते." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! एक शब्द होता, तयार, खात्यानंच करून ठेवलेला. जीपमध्ये मी तो दोन-तीनदा मनात म्हणून बघितला. ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितलं.

अंगण आता वाळलं होतं. हुस्ना खिचडीच्या शेडपाशी तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती उठली. पंचाक्षरी गुरुजी धोतराचा सोगा सावरत आले. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस. शाळेतली दुसरी जागा रिकामीच, तेव्हा दोन खोल्या आणि चार वर्ग हे एकटेच बघतात. "चहा ठेवायला लावू का?" म्हणाले. मी म्हटलं, "आधी आत जाऊ, गुरुजी." पहिल्या खोलीत तिसरी-चौथीची पोरं उभी राहिली आणि 'एक साथ नमस्ते' म्हणाली. नऊ. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक दार होतं, निळ्या रंगाचं, अर्धं लोटलेलं. मी त्या दिवशी हेही बघितलेलं असणार. कपाटाचं असेल असं मला वाटलं असेल, किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल. दारापर्यंत अकरा पावलं झाली. पाठीमागचं बाहेरचं दार मला दिसत नव्हतं, पण ते किती लांब गेलंय हे पाठीला कळत होतं. मी तिथंच थांबले. गुरुजी मागून म्हणाले, "बरं वाटंना का म्याडम?" मी निळं दार ढकललं आणि आत गेले.

खोलीला खिडकी होती. छोटी, उंचावर, तिच्यातून ऊन भिंतीवरच्या बाराखडीवर पडलं होतं. खाली तीन रांगांत पोरं बसली होती, हाताची घडी, तोंडावर बोट. एकाचंही बोट हलत नव्हतं. इवल्या इवल्या पोरी, एकीच्या नाकाखाली शेंबूड आलेला, पण पुसायला हात सोडत नव्हती. श्वाससुद्धा जपून घेत होती. मी मोजलं. पुन्हा मोजलं. नऊ. आतली नऊ आणि बाहेरची नऊ. "गुरुजी, अठराच?" गुरुजींनी मान खाली घातली. "तिघांनी दाखले नेले म्याडम. यादी फुटली ना गावात. शाळा बंद पडणार म्हणल्यावर आईबाप कशाला थांबतेत? मुरूडच्या इंग्रजी शाळेत घातली. परवा आनखी एकजन इचारून गेलाय." त्यांनी 'तुमच्यामुळं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

म्हणजे आता हिशेब असा होता. आज दिसेल ते लिहा, तर अठरा. अठरा म्हणजे वीसच्या आत. माझा खोटा आकडा महिनाभरात खरा होत आला होता. 'नजरचूक' हा शब्द आता कशालाच पुरत नव्हता, कारण नजर चुकली म्हणायची तर आधी ती इथपर्यंत यायला हवी होती. ही शाळा ठेवायची एकच वाट होती. त्या दिवशी इथं एकवीस होती आणि ती मोजली गेली नाहीत, हे लिहायचं. का मोजली गेली नाहीत, हेही लिहायचं. आणि ते लिहिलं की पुढचा प्रश्न कुणीही विचारणार, बाई, बाकीच्या तेरा शाळांत तुम्ही कुठं उभ्या होता? आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत? मी खाली बसले, तिथंच, फरशीवर, पोरांच्या रांगेपुढं. वर बघितलं, स्लॅब होता. त्याला एक बारीक चीर गेलेली होती, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. मी तिच्याकडे बघत राहिले आणि उठले नाही.

समोरच्या रांगेत शेंबडी पोरगी होती. मी तिला विचारलं, "नाव काय गं तुझं?" तिनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "साखरा. बोल की." तिनं बोट काढलं, आधी नाक पुसलं, मग म्हणाली, "साखराबाई." आजीचं नाव लावलेलं असणार. मी म्हटलं, "साखराबाई, मागं मी आले होते, चिखल झाला होता त्या दिवशी. तू होतीस का शाळेत?" तिनं हो म्हणून मान हलवली. "मग मला आवाज का नाही दिलास? एवढी बाराजण होता तुम्ही. एकानं तरी ओरडायचं की!" माझा आवाज चढला असावा, कारण मागच्या रांगेतला एक पोरगा दचकला. मला खरंच उत्तर हवं होतं. मला ते किती हवं होतं हे त्या क्षणापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी अगदी सोपं विचारत होते आणि मला कसं येत नाही, अशा नवलानं. मग म्हणाली, "तुमी येनार म्हनून गप बसलो व्हतो. लई येळ बसलो. तुमी आलाच न्हाईत."

गुरुजी पाणी घेऊन आले. हुस्ना निळ्या दाराच्या चौकटीपर्यंत आली होती आणि तिथं थांबली होती, एक पाय पलीकडं ठेवून. मी गुरुजींना म्हटलं, पोरांना बोलू द्या, काय दंगा करायचा तो करू द्या, आणि मला एक कोरा कागद द्या. दंगा व्हायला वेळ लागला, पण मग चांगलाच झाला. त्या दंग्यात, मांडीवर वही ठेवून, मी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. तारीख घातली, विषय घातला. पहिलं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला: त्या दिवशी मी करडवाडीच्या आतल्या वर्गात गेले नव्हते, कारण मला भीती वाटते. त्यानंतरची भराभर आली. तिथं एकवीस मुलं होती. तीन माझ्या अहवालामुळं गेली. बाकीच्या तेरा शाळांतही मी आत गेलेले नाही, तेव्हा यादी थांबवावी आणि चौदाही शाळा नव्याने मोजाव्यात. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. मोजायला मला पाठवू नये, आत जाणारं माणूस पाठवावं.